शेवटचा दाखला

सेवेत असताना परमुलखातल्या कोणत्याही गावी गेलो की तेथील सर्वांत जुन्या शाळेत डोकावण्याची मला सवय जडली. कारण अगदी कामकाजी होते. गावाचा सलग, तारीखवार आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक असा लेखी दस्तऐवज तलाठ्याच्या चावडीपेक्षा शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतो. मुलाचे नाव, बापाचा व्यवसाय, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि शेवटच्या रकान्यात सोडण्याचे कारण. त्या शेवटच्या रकान्यात दुष्काळ असतो, पटकी असते, लग्न असते, बापाची बदली असते. इतिहासाची पुस्तके राजांच्या तारखा देतात. या रजिस्टरात प्रजेच्या तारखा असतात.

म्हणूनच राजकोटला जाण्याचा योग आला तेव्हा पाहायच्या ठिकाणांत आल्फ्रेड हायस्कूलचे नाव मी पहिले लिहिले होते. आता तेथे शाळा भरत नाही. ३० सप्टेंबर २०१८ पासून ती वास्तू महात्मा गांधी संग्रहालय म्हणून लोकांना खुली आहे. बंद झालेल्या शाळेचे सार्वजनिक संग्रहालय होते तेव्हा नेमके काय घडते, काय मिळते आणि काय हातचे जाते, हा प्रश्न प्रशासनात काम केलेल्या माणसाला सहज सुटत नाही. माझ्यापुरता तर त्याला एका जुन्या चुकीचाही संदर्भ आहे. तो पुढे येईलच.

आधी शाळेची हकिगत. १७ ऑक्टोबर १८५३ रोजी राजकोटला इंग्रजी शिकवणारी शाळा सुरू झाली. सौराष्ट्रातील ती अशी पहिलीच. काठियावाड म्हणजे तेव्हा लहानमोठ्या दोनशेहून अधिक संस्थानांचा पसारा, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या इंग्रज एजन्सीचे ठाणे राजकोटला. एजन्सीला कारकून हवे होते, संस्थानांना इंग्रजी जाणणारे कारभारी हवे होते, आणि कारभारी घराण्यांना आपली मुले मागे पडू नयेत याची चिंता होती. या तिहेरी गरजेतून शाळा वाढत गेली. जुनागढच्या नवाबांनी दिलेल्या देणगीतून तिची भव्य दगडी इमारत उभी राहिली. १८७५ च्या जानेवारीत मुंबईचे गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेलेला व्हिक्टोरिया राणीचा पुत्र, ड्यूक ऑफ एडिंबरो प्रिन्स आल्फ्रेड, याचे नाव तिला मिळाले. मुंबईचे गव्हर्नर राजकोटला का, असे आजच्या वाचकाला वाटेल. काठियावाड मुंबई सरकारच्या देखरेखीखाली होता आणि तेथील मुले मुंबई विद्यापीठाचीच मॅट्रिक परीक्षा देत. पुढे १९५६ ते १९६० या काळात तर सौराष्ट्र आणि महाराष्ट्र एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते. आपला आणि राजकोटचा कारभार बराच काळ एकाच दप्तरात बांधलेला होता.

याच शहरात १८७० साली राजपुत्रांसाठी राजकुमार कॉलेज सुरू झाले. संस्थानिकांच्या मुलांसाठी ते, आणि कारभाऱ्यांच्या, वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी हे हायस्कूल, अशी शिक्षणाची दोन दारे शेजारी शेजारी उघडली. हे येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

१ डिसेंबर १८८० रोजी या हायस्कुलात एक अकरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. बाप राजकोट संस्थानचा दिवाण. मुलगा लाजाळू, शाळा सुटली की कोणी बोलेल या भीतीने घरी पळत जाणारा. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. पुढे आत्मचरित्रात या शाळेविषयी त्यांनी जे लिहिले ते अनेकांनी वाचलेले असते. जाइल्स नावाचे शिक्षणाधिकारी तपासणीला आले, पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यांतल्या ‘केटल’ या शब्दाची मोहनदासने चूक केली. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजारच्याच्या पाटीवर पाहण्यास सुचवले, तरी त्याच्या ते ध्यानी आले नाही. वर्गातले सगळे शब्द बरोबर असणाऱ्यांत तो एकटाच नव्हता.

ही गोष्ट आपण सचोटीचा धडा म्हणून ऐकत आलो. मी मात्र ती एकदा अधिकाऱ्याच्या बाजूने वाचून पाहिली. तपासणी आहे, साहेब समोर आहेत, आणि शाळेचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून शिक्षक मुलाला कॉपी करायला सुचवतो आहे. म्हणजे आकडा चांगला दाखवण्याचा रोग आपल्या व्यवस्थेला कालपरवा जडलेला नाही. १८८० च्या सुमारास तो याच इमारतीत होता, आणि एका अकरा वर्षांच्या मुलाच्या भाबडेपणाने त्याला नकळत अडवले.

शाळेतील बाकीचे तपशीलही तितकेच साधे आहेत. मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी हे शिस्तीचे. त्यांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले. आजारी वडिलांची सेवा करणारा मोहनदास एका शनिवारी आभाळ भरून आल्याने वेळ चुकला, कसरतीला उशिरा पोहोचला, आणि खोटे बोलल्याचे ठरून त्याला एक-दोन आण्यांचा दंड झाला. चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून; भूमिती कळेना. युक्लिडच्या तेराव्या प्रमेयापाशी डोक्यात प्रकाश पडला. संस्कृतला कंटाळून फारसीच्या वर्गात जाऊन बसला तेव्हा कृष्णशंकर मास्तरांनी मायेने परत बोलावले. मध्येच लग्न झाले आणि एक वर्ष बुडाले. पाचवी-सहावीत चार आणि दहा रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, पण ती सोरठ भागातल्या मुलांपुरतीच होती आणि त्यात गुणांपेक्षा नशिबाचा भाग अधिक, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. १८८७ साली मॅट्रिकची परीक्षा द्यायला हा मुलगा राजकोटहून अहमदाबादला गेला. एकट्याने केलेला तो त्याचा पहिलाच प्रवास.

ही झाली आठवणीतली शाळा. दप्तरातली शाळा निराळी आहे. जे. एम. उपाध्याय यांनी राजकोटच्या शाळांची जुनी रजिस्टरे आणि निकालपत्रे चाळून गांधींच्या विद्यार्थिदशेची माहिती संकलित केली. १९६५ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे आपल्याला आज हे ठाऊक आहे की, हायस्कुलात येण्यापूर्वी तालुका शाळेत १८७९ साली मोहनदासची हजेरी २३८ दिवसांपैकी ११० दिवस होती. आणि मॅट्रिकला त्याला ६२५ पैकी २४७.५ गुण मिळाले, म्हणजे जेमतेम चाळीस टक्के. हजेरी निम्म्याहून कमी, घरी आजारपण, बालविवाह, एक वर्ष वाया, भाषेची अडचण. आजच्या तालुका शिक्षण कार्यालयात या मुलाचे नाव ‘गळतीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी’ या यादीत गेले असते. आत्मचरित्र नसते तरी एवढे आपल्याला कळले असते, कारण कोणा अनामिक कारकुनाने रोजच्या रोज हजेरी मांडली आणि पुढची ऐंशी वर्षे ते कागद कोणी रद्दीत घातले नाहीत.

आता शाळेच्या शेवटाकडे येतो. स्वातंत्र्यानंतर शाळेला गांधींचेच नाव मिळाले: मोहनदास गांधी हायस्कूल. ती सरकारी, गुजराती माध्यमाची शाळा म्हणून चालत राहिली. यातही एक न्याय होता. मातृभाषेतून शिकलो असतो तर गणित, भूमिती, रसायन हे जे चार वर्षांत शिकलो ते एका वर्षात शिकलो असतो, असे गांधींनी १९३८ साली लिहिले होते. आणि ज्या इंग्रजी शाळेने त्यांना हा अनुभव दिला, ती त्यांच्या नावाने गुजरातीतून शिकवू लागली. परंतु हळूहळू पट घसरला. शहरातील ज्यांना परवडत होते ते खासगी शाळांकडे वळले. दहावीला बसलेल्या साठांपैकी एकही विद्यार्थी उत्तीर्ण झाला नाही, असेही एक वर्ष येऊन गेल्याचे शाळा बंद होतानाच्या वृत्तांत आले होते. महानगरपालिकेने संग्रहालयाचा प्रस्ताव दिला, राज्य शासनाने तो मान्य केला, आणि २०१७ च्या मे महिन्यात उरलेल्या १२५ विद्यार्थ्यांच्या हाती शाळा सोडल्याचे दाखले देऊन शाळा बंद झाली. पुढच्या वर्षासाठी त्यांनी आपल्या पसंतीची शाळा शोधायची होती. त्यानंतर सुमारे सव्वा वर्षात, वृत्तांनुसार सुमारे २६ कोटी रुपये खर्चून, संग्रहालय उभे राहिले.

एकशे पंचवीस दाखले. प्रत्येक दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना असतोच. एरवी तेथे विद्यार्थ्याचे कारण लिहितात: उत्तीर्ण, बदली, स्वेच्छेने. येथे कारण विद्यार्थ्याकडे नव्हते. येथे शाळेनेच विद्यार्थी सोडला होता.

हे लिहिताना कोणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले की दुसरी बाजूही दिसते. जवळजवळ दीडशे वर्षांची दगडी इमारत. दुरुस्तीला शाळेच्या आकस्मिक खर्चातून मिळणारी रक्कम तुटपुंजी. पट इतका कमी की शिक्षकांची पदेच अतिरिक्त ठरतात. शाळा तशीच चालू ठेवली असती तर पाचसात वर्षांत पट शून्यावर आला असता, कुलूप लागले असते, आणि कुलूप लागलेल्या सरकारी वास्तूचे काय होते ते आपण गावोगाव पाहतो. आधी कौले जातात, मग चौकटी, मग दगड. शेवटी जागाच जाते. संग्रहालय झाल्याने वास्तू वाचली यात शंका नाही. जतनाच्या शास्त्रातही, १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून, जुनी वास्तू समाजोपयोगी कामात राहणे हाच तिच्या रक्षणाचा चांगला मार्ग मानला आहे. अट एवढीच की त्यासाठी तिची मूळ रचना बदलू नये.

तरीही एक टोचणी उरते. ज्या शाळेचा सर्वांत मोठा विद्यार्थी चाळीस टक्के मिळवून बाहेर पडला, ती शाळा निकाल कमी लागतो म्हणून निरुपयोगी ठरावी? शाळेची किंमत निकालात नसते, ती मुलाला टिकवून धरण्यात असते. संस्कृतच्या वर्गातून उठून गेलेल्या मुलाला परत बोलावणाऱ्या कृष्णशंकर मास्तरांमध्ये ती असते. संग्रहालयात त्या मास्तरांची गोष्ट सांगता येते. संग्रहालय कोणाला परत बोलावू शकत नाही.

आणि हा प्रश्न एकट्या राजकोटचा नाही. संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१४-१५ साली देशात सुमारे ११ लाख ७ हजार सरकारी शाळा होत्या. २०२३-२४ साली त्या सुमारे १० लाख १७ हजार उरल्या. काही बंद झाल्या, काही शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. यांतल्या फारच थोड्यांच्या वाट्याला संग्रहालय होण्याचे भाग्य येणार. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती एक नस्ती.

अशी एक नस्ती माझ्याही टेबलावर आली होती. माझी चूक सांगायची ती येथेच. नोकरीची पहिली वर्षे, महाराष्ट्रापासून दूरचा एक जिल्हा. दोन शाळांचे एकत्रीकरण करायचे होते. बंद होणाऱ्या शाळेची यादी माझ्यापुढे मंजुरीला आली: मोडकी बाके, फळे, घंटा, लोखंडी पेटी, आणि शेवटच्या ओळीत ‘जुने कागद, निरुपयोगी’. निर्लेखनाच्या प्रस्तावात शेवटची ओळ सहसा कोणी वाचत नाही. मीही वाचली नाही. सही केली, लिलाव झाला, चलन भरले गेले.

पुढे कित्येक महिन्यांनी एक वृद्ध गृहस्थ कचेरीत आले. त्यांना जन्मतारखेचा पुरावा हवा होता. त्या शाळेत ते दोनच इयत्ता शिकले होते, पण त्यांचे नाव जगात लेखी असे एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण मी रद्दीच्या भावाने विकले होते. त्यांनी तक्रार केली नाही. ‘बरे साहेब’ म्हणून नमस्कार केला आणि निघून गेले. कार्यालयीन भाषेत सांगायचे तर प्रकरण निकाली निघाले. माझ्यापुरते ते आजही प्रलंबित आहे.

तेव्हापासून मला असे वाटत आले की शाळा बंद करण्याच्या आदेशात वास्तूइतकाच, किंबहुना अधिक, विचार तिच्या दप्तराचा व्हावा. आपल्याकडे याची दोन बोलकी उदाहरणे आहेत आणि दोन्ही महाराष्ट्रातली आहेत.

पहिले साताऱ्याचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा दाखल झाला. रजिस्टरातील त्याचा क्रमांक १९१४. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि ते रजिस्टर शाळेने जपले आहे. त्या एका ओळीच्या आधारावर महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरवले. विचार करून पाहावा: कोट्यवधी रुपयांची वास्तू नाही, दालने नाहीत, प्रकाशयोजना नाही, एका कारकुनाच्या हातची, शाईने लिहिलेली एक ओळ आहे, आणि तिच्यावर एका राज्याचा स्मरणदिन उभा आहे.

दुसरे पुण्याचे. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा खासगी मालकीचा. पुढे तेथे दुकाने आली. राष्ट्रीय स्मारकाची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली आणि ताब्याचा वाद न्यायालयात चालत राहिला. निकाल लागून पुणे महानगरपालिकेला २०२३ च्या डिसेंबरात ताबा मिळाला तोवर वाडा इतका जीर्ण झाला होता की तो पाडावाच लागला. आता तेथे उभे राहील ते स्मारक असेल. ज्या भिंतींनी त्या मुलींचे पहिले पाढे ऐकले त्या भिंती नसतील. राजकोटला दगड राहिले आणि शाळा गेली. पुण्याला जागा राहिली आणि दगड गेले. साताऱ्याला शाळाही राहिली आणि कागदही राहिला.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील टोपेका शहरात मन्रो ही कृष्णवर्णीय मुलांसाठी राखलेली प्राथमिक शाळा होती. घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नसल्याने लिंडा ब्राउन नावाच्या मुलीला या दूरच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांसह अनेक पालक न्यायालयात गेले, आणि १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा प्रसिद्ध निकाल लागला. पट घटल्याने ती शाळा १९७५ साली बंद झाली. १९९२ साली कायद्याने ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली, आणि निकालाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, १७ मे २००४ रोजी, ती लोकांना खुली झाली. तेथे एक बालवर्ग १९५४ साली जसा होता तसा मांडून ठेवला आहे. हे संग्रहालय कोणा एका थोर विद्यार्थ्याचे नाही, ते शाळेचेच आहे. ती कोणासाठी होती, कोणासाठी नव्हती, याचे आहे.

शाळेचे संग्रहालय आणि शाळेतले संग्रहालय यांतला फरक येथे आहे. पहिल्यात शाळा हाच विषय असतो. दुसऱ्यात शाळा ही केवळ जागा असते. राजकोटचे संग्रहालय बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे आहे. एकेकाळच्या वर्गखोल्या आता दालने झाल्या आहेत. पोरबंदर, लंडन, दक्षिण आफ्रिका, सत्याग्रह असा गांधींचा जीवनपट चित्रे, ध्वनी आणि पडदे यांच्या साहाय्याने उलगडतो. सायंकाळी वास्तूच्या दर्शनी भागावर प्रकाश आणि ध्वनीचा खेळ होतो. मुले रमतात, पालक वाचतात. त्यात वावगे काहीच नाही.

फक्त एक गोष्ट मला वर्गखोलीच्या दारात उभे राहिल्यावर जाणवली. शाळेची इमारत उजेडासाठी बांधलेली असते. उंच खिडक्या, खोलीबाहेर ओसरी, ऊन थेट न येता प्रकाश पाटीवर पडावा अशी योजना. पडद्यावर चालणारी चित्रे मात्र अंधार मागतात. उजेडासाठी बांधलेल्या खोल्यांत अंधार करावा लागणे ही शाळेला संग्रहालय करण्यातली मूळ अडचण आहे, आणि ती केवळ खिडक्यांची नाही. शाळेत मूल प्रश्न विचारते आणि चुकते. संग्रहालयात ते ऐकते आणि पुढच्या दालनात सरकते.

दुसरी गोष्ट खर्चाची. उभारणीचा निधी मिळवणे हे प्रशासनात सर्वांत सोपे काम; त्याला उद्घाटनाची तारीख असते. देखभालीच्या निधीला तारीख नसते. दगडी भिंत दीडशे वर्षे टिकते, प्रक्षेपकाचा दिवा काही हजार तास टिकतो. ज्या संग्रहालयात वस्तू थोड्या आणि यंत्रे फार, त्याला दर काही वर्षांनी पुन्हा नव्याने उभारावे लागते. ती तरतूद पहिल्याच दिवशी करून ठेवली नाही तर बंद पडद्यांचे दालन व्हायला वेळ लागत नाही. कागदाचे रजिस्टर मात्र वाळवी आणि ओल यांपासून जपले की विजेशिवाय शंभर वर्षे बोलते.

मग अशा कामी नेमलेल्या तरुण अधिकाऱ्याने करावे काय? माझ्या अनुभवातून काही साधा क्रम सांगतो.

आधी मुले. प्रत्येक विद्यार्थ्याचा पुढील शाळेतला प्रवेश झाल्याची पोच नस्तीवर आल्याशिवाय दाखले वाटू नयेत. ‘पसंतीच्या शाळेत प्रवेश घ्यावा’ हे वाक्य ज्याला पसंती परवडते त्याच्यासाठी ठीक आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण आहे. नववी-दहावीच्या मुलाला ते नाही, आणि शाळा सुटण्याचा धोका त्यालाच अधिक असतो. मुलींच्या बाबतीत तर शाळा अर्धा कोस लांब गेली तरी पुष्कळदा शिक्षण संपते.

मग दप्तर. जनरल रजिस्टर, हजेरीपट, निकालपत्रे, शेरेबुक, मुख्याध्यापकांचा पत्रव्यवहार, जडवस्तूंची नोंदवही, सगळे मोजून, यादी करून, प्रतिमा काढून जिल्हा अभिलेखागारात किंवा त्या संग्रहालयातच ठेवावे, आणि कोणी म्हातारा माणूस दाखला मागायला आला तर तो कोणी, किती दिवसांत द्यायचा हे आदेशातच लिहावे. यादीची शेवटची ओळ अधिकाऱ्याने स्वतः वाचावी.

मग माणसे. शिक्षक, शिपाई, घंटा वाजवणारा, माजी विद्यार्थी यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. त्यांचा काळ इमारतीपेक्षा लवकर संपतो.

आणि शेवटी वास्तू. तिचे दगड, चुना, लाकूड यांचा जाणकारांकडून अभ्यास करून मगच विजेच्या तारा भिंतीत शिराव्यात. एक वर्ग तरी जसा होता तसा ठेवावा: फळा, बाक, खिडकी उघडी, पडदा नाही. आणि शक्य असेल तेथे संध्याकाळचे दोन तास त्या वास्तूत एखादी अभ्यासिका चालू द्यावी. जेथे दीडशे वर्षे मुले शिकली तेथे शिकणारे मूल कोणत्याही दालनाला कमीपणा आणत नाही.

प्रत्यक्षात आपण हा क्रम बहुधा उलटा चालवतो. वास्तू आधी, कारण ती दिसते, माणसे नंतर, दप्तर जमल्यास, आणि मुले गृहीत.

राजकोटच्या त्या प्रवासात मी राजकुमार कॉलेजवरूनही गेलो. राजपुत्रांसाठी काढलेली ती शाळा आजही शाळा म्हणून चालू आहे. संस्थाने गेली, तरी तिच्या दारातून मुले ये-जा करतात. सामान्यांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेचे मात्र संग्रहालय झाले. दोन्ही दारे शेजारी शेजारी उघडली होती; कोणते दार शिकण्यासाठी उघडे राहिले आणि कोणते पाहण्यासाठी, एवढे प्रवाशानेही लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक विनंती करून थांबतो. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बंगळूर, हैदराबाद येथे मराठी मंडळींनी चालवलेल्या कितीतरी जुन्या शाळांतून आपले आजे-पणजे शिकले. जी शाळा चालू आहे ती चालू राहील असे पाहावे. आणि एखादी बंद होत असल्याचे कानी आले तर विश्वस्तांना इमारतीचा भाव विचारण्याआधी रजिस्टर कोठे आहे ते विचारावे. पहिल्या पानावर कोणा संस्थापकाचे सुंदर अक्षर असेल. ते सगळेच जपतात. आपण शेवटचे पान मागावे. ज्या मुलांना शेवटचा दाखला मिळाला त्यांची नावे तेथे असतात, आणि त्यांच्यातले कोण पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते. २३८ पैकी ११० दिवस हजर राहिलेल्या त्या मुलाविषयी तरी कोणाला ठाऊक होते?